दोन घरांमधला रस्ता

‘द सिम्स ४’ या संगणकावरच्या खेळात एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यासाठी रस्ता लागत नाही. आपण नकाशा उघडतो, शेजारचे घर निवडतो, पडद्यावर काही क्षण वाट पाहायला लावणारे चित्र येते आणि आपले पात्र थेट त्या घरासमोर उभे राहते. तसा मध्ये रस्ता आहे, त्यावर दिवे आहेत, झाडे आहेत, ये-जा करणारी माणसेही आहेत आणि आपले पात्र त्या रस्त्यावर थोडे चालूही शकते. परंतु शेजाऱ्याचा उंबरा ओलांडायचा म्हटले की चालत गेलेली पावले जमेस धरली जात नाहीत, ते चित्र पडद्यावर यावेच लागते. रात्री जेवणे आटोपल्यावर मी हा खेळ खेळते आणि रविवारी पहाटे सायकल काढून बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांच्या दिशेने निघते. दोन्ही गोष्टी निव्वळ हौसेच्या आहेत आणि दोन्हींत मला माणसे आणि त्यांची घरे पाहायला मिळतात. घराच्या आत माणसाला काय काय लागते, याकडे बारकाईने पाहण्याची सवय मला खेळाने लावली. वस्ती मात्र घरांच्या बेरजेने होत नाही, दोन घरांमध्ये जे असते त्याने होते, हे मला सायकलवर बसल्यावर कळले, आणि त्याविषयीच मला लिहायचे आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. ‘द सिम्स’ फेब्रुवारी २००० मध्ये पहिल्यांदा बाजारात आला. त्याचा कर्ता विल राइट हा १९८९ साली आलेल्या ‘सिमसिटी’ या शहर वसवण्याच्या खेळामुळे आधीच नावारूपाला आलेला होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर मोठी आग पसरली आणि तीत राइटचे घर जळाले. संसार नव्याने उभा करताना माणसाला कोणत्या वस्तू खरोखर लागतात आणि त्या का लागतात, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला आणि त्यातून या खेळाची कल्पना वाढत गेली. आरंभी तो घर बांधण्याचा खेळ होता. घर राहण्याजोगे झाले आहे की नाही हे कळावे एवढ्यापुरतीच त्यात माणसे सोडलेली होती. पण काम पुढे सरकत गेले तसे घरापेक्षा त्या माणसांकडेच सगळ्यांचे लक्ष जाऊ लागले आणि खेळ माणसांचा झाला. मला हा तपशील अतिशय मोलाचा वाटतो. घराची पारख करायला आणलेली माणसे घरापेक्षा मोठी ठरली, हे काही कुणी आधी ठरवून केलेले नव्हते.

या माणसांना, म्हणजे सिम्सना, गरजा असतात. पहिल्या खेळात त्या आठ होत्या, चौथ्यात सहा आहेत : भूक, झोप, स्वच्छता, शौच, करमणूक आणि सहवास. प्रत्येक गरजेची एक पट्टी असते. ती हिरवी असेल तर ठीक, पिवळी झाली की लक्ष द्यायचे आणि लाल झाली की माणूस बिथरतो. पण ते माणूस स्वतः काय करायचे हे कसे ठरवते, ते समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या खेळापासूनची युक्ती अशी, की शहाणपण माणसात कमी आणि वस्तूंत जास्त भरलेले आहे. फ्रिज सतत आपल्याभोवती सांगत असतो, की माझ्याकडे भूक भागेल. पलंग सांगतो, इथे झोप मिळेल. दूरचित्रवाणी सांगते, इथे मन रमेल. माणूस फक्त ऐकतो. ज्या गरजेची पट्टी उतरलेली असेल त्या गरजेची हाक त्याला मोठी ऐकू येते, आणि वस्तू जितकी दूर तितकी तिची हाक क्षीण होत जाते. शिवाय सगळ्यांत मोठ्या हाकेलाच तो दर वेळी ओ देईल असेही नाही. वरच्या दोन-चार हाकांतली एखादी तो उचलतो, म्हणून तो यंत्र वाटत नाही. भूक लागलेली असतानाही मधेच खिडकीशी उभा राहणारा सिम पाहिला की आपल्याच घरातले कुणीतरी आठवते, त्याचे कारण ही योजना आहे.

गणेशपूर मागे टाकून बेनकनहळ्ळीच्या पुढे बेळगुंदीच्या रस्त्याला लागले की मी स्वतः तशी सिम होते. पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेचा असतो. राकसकोपच्या बाजूला जाताना तो थेट छातीवर येतो, आणि सपाट रस्त्यावरही गिअर हलका करून चढ चढल्यासारखे पायडल मारावे लागते. परतताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून मी पावसाळ्यात पश्चिमेलाच जाते. दमायचे ते आधी दमून घ्यावे आणि दमलेल्या पायांना घराकडे ढकलणारे कुणीतरी असावे, हा माझा साधा हिशोब. हिवाळ्यात हे गणित उलटते आणि मग पूर्वेला सांब्रा-सुळेभावीकडच्या काळ्या मातीच्या सपाटीवर जाणे बरे पडते. तर त्या वाऱ्यात तासभर गेले की रस्त्याकडेच्या वस्तू बोलू लागतात. सकाळी घराजवळून जाताना जिच्याकडे मान वळवावीशीही वाटली नव्हती तशीच एखादी चहाची टपरी दहा-बारा किलोमीटरनंतर लांबून ओळखू येते. भजीची कढई डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते. वडाचा पार, पाणंदीच्या तोंडाशी कुणीतरी टाकून ठेवलेला लांबट दगड, विहिरीवरच्या मोटरच्या खोलीची सावली, यांतली प्रत्येक गोष्ट मला काहीतरी देऊ करत असते, आणि मला कशाची हाक ऐकू येते यावरून माझ्या अंगातली कोणती पट्टी उतरली आहे हे मला समजते. 

सायकलवाले एकमेकांना एक गोष्ट नेहमी बजावतात : तहान लागण्याआधी पाणी प्यावे आणि भूक लागण्याआधी खावे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत संपत येते. ती संपल्यावर पायांत जे अचानक रितेपण येते त्यावर लगेच उपाय नसतो, खाल्लेले अंगी लागायला वेळ लागतो. म्हणून सायकल चालवणारा माणूस स्वतःचा सांभाळ पुढचे पाहून करायला शिकतो. खेळात मी दुसऱ्यांच्या पट्ट्या वरून पाहते. इथे स्वतःची पट्टी आतून ओळखावी लागते, आणि ती कुठेच रंगवून दाखवलेली नसते.

खेळ आणि सायकल यांत सगळ्यांत मोठा फरक भिंतींचा आहे. खेळात एक कळ दाबली की घराच्या भिंती खाली बसतात आणि वरून सगळे घर उघडे दिसते : कोण झोपले आहे, कोण न्हाणीघरात आहे, कोणाचे कोणाशी वाजले आहे. माणसांचा कारभार बघायचा तर ते सोयीचे आहे. सायकलवर मात्र भिंती उभ्याच राहतात आणि त्या तशाच राहाव्यात. आपल्याला दिसतो तो सोपा म्हणजे ओसरी, अंगण, तुळशीकट्टा, दाराशी काढलेल्या चपला, वाळत घातलेले कपडे, म्हणजे घराने आपणहून रस्त्याला दाखवायचे ठरवलेले तेवढेच. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरच्या वेगात हे दिसायला वेळ मिळतो. पायी चालताना फार थोडी गावे होतात आणि मोटारीतून गावांचे फक्त फलक उरतात. सायकलीच्या वेगात एका सकाळी चार-सहा गावे होतात आणि प्रत्येक गावात निदान एका माणसाची नजर आपल्या नजरेला भेटते. शिवाय सायकलीला काच नाही. कुणी काही म्हटले तर ते ऐकू येते आणि उत्तर द्यावे लागते.

बेळगुंदीच्या शिवारात रताळ्यांची काढणी चालू होती तेव्हाची एक सकाळ मला नीट आठवते. तांबड्या मातीचे ते रान. वेल आधीच कापून बांधाला रचले होते, सऱ्या उलथून झाल्या होत्या आणि पाच-सहा बाया ओळीने बसून रताळी निवडत होत्या. प्रत्येकीपुढे तीन ढीग : मोठी, मधली आणि तुटकी. हात एका लयीत चालत होते. रताळे उचलायचे, अंगठ्याने माती पुसायची, बारीक मुळ्या मोडून टाकायच्या आणि न पाहताच बरोबर ढिगावर ठेवायचे. तुटलेल्या रताळ्याच्या टोकाला पांढरा चीक येतो. तो बोटांना लागतो आणि काही वेळाने काळा पडतो. त्या सगळ्यांची बोटे पेरांपर्यंत काळी झाली होती आणि तो काळेपणा धुऊन लगेच जाण्यातला नव्हता. मी पाणी प्यायला बांधाशी थांबले होते. त्यांतली सगळ्यांत वयस्क आजी माझ्याकडे पाहून म्हणाली, “बँकेची काय गं तू? आज रविवार की.” गटाच्या कर्जाचे हप्ते मागायला माणसे येतात, त्यांतली मी असेन असे तिला वाटले होते. मी नाही म्हटले, सायकल फिरवायला आले म्हटले. “कुठली गं मग?” बेळगावातल्या शहापूरची म्हटल्यावर तिने हातातले रताळे खाली ठेवले. “शहापूरची? आमची नणंद दिली की शहापुरात. मागावर असायचा तिचा नवरा.” मग कोणती गल्ली, कोणते घर, कापड विणायचा माग अजून आहे की विकला, हे सगळे बोलणे झाले. निघताना तिने तुटक्यांच्या ढिगातली दोन माझ्या पिशवीत घातली. “दिसायला बरी न्हाईत, पण गोड हाईत. भाजून खा.”

खेळात असती तर या आजीची सहवासाची पट्टी मला वाढताना दिसली असती. शेतात तसे काहीच दिसत नव्हते. तिची कंबर दुखत होती का, सकाळपासून तिने काही खाल्ले होते का, हप्त्याची धास्ती तिला होती की शेजारणीला, यातले काही मला कळायला मार्ग नव्हता. तिने सांगितले ते आपल्या क्रमाने सांगितले आणि आधी माझे गाव, मग तिची नणंद, मग माग अशा वळणाने आमची ओळख निघाली. मी काही तिचा कारभार बघणारी नव्हते. मी रस्त्यावरून जाणारी होते, आणि म्हणूनच ती माझ्याशी बोलली असे मला वाटते. घरात शिरून चौकशी करणाऱ्याला लोक वेगळी उत्तरे देतात.

तरीही खेळाने लावलेल्या सवयीचे ऋण मला नाकारायचे नाही. रस्त्याने जाताना एखाद्या घराच्या पुढच्या बाजूला सावलीच नाही, म्हातारे माणूस उन्हात खुर्ची सरकवत बसले आहे, नळ रस्त्याच्या पलीकडे असल्यामुळे पोरीला कळशी घेऊन वाहनांमधून जावे लागते आहे, हे माझ्या लक्षात येते त्याचे कारण मी रात्री घरांच्या मांडणीत हेच सारखे तपासत असते. न्हाणीघर दूर गेले की सगळ्या घराची सकाळ बिघडते आणि जेवणाच्या टेबलाभोवती फिरायला जागा नसेल तर माणसे ताटकळतात. गरज आणि ती भागवणारी वस्तू यांच्यामधले अंतर हीच खरी अडचण असते, हे त्या खेळात इतके स्पष्ट दिसते की पुढे ते कुठेही दिसू लागते.

या खेळाची एक अट मात्र आमच्या भागाला अजिबात मानवणारी नाही. एका घरात जास्तीत जास्त आठ माणसे ठेवता येतात. शहापुरातल्या आमच्या आजोबांच्या घरात आम्ही बारा जण होतो : आजी-आजोबा, दोन काका, दोन काकू, माझे आईवडील आणि आम्ही चार भावंडे-चुलतभावंडे. ते घर मला खेळात उभे करायचे होते. सोपा, माजघर, मागे परसू, सोप्याच्या एका अंगाला माग. पाणीही न मागता दिवसभर खटखटणारा तो माग खेळात मिळत नाही, म्हणून तिथे शिवणयंत्रासारखी दिसणारी वस्तू ठेवावी लागली. पण माणसे बसेनात. शेवटी धाकट्या काकांचे बिऱ्हाड शेजारच्या जागेत वेगळे करावे लागले, आणि त्यासरशी तो पडदा मध्ये आला. माझी काकू, जिच्या हाताखाली मी भाकरी शिकले, ती आता भिंतीपलीकडे नव्हती, वाट पाहायला लावणाऱ्या चित्राच्या पलीकडे होती. प्रत्यक्षातही आमच्या घरात पुढे चूल वेगळी झालीच. परंतु वेगळ्या चुलींच्या मध्ये परसातली कमरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवरून आमटीची वाटी, विरजणाचा थेंब, निरोप आणि रडणारे पोर यांची ये-जा दिवसभर चालू असे. चूल वेगळी झाली म्हणून घरे तुटली नाहीत, कारण मधली जागा शाबूत होती.

२००९ साली आलेल्या ‘द सिम्स ३’ मध्ये ही मधली जागा होती. त्यात सगळे गाव सलग होते. आपले माणूस घरातून निघून सायकलवर बसे आणि आपण त्याच्या मागे मागे सगळा रस्ता पाहत कचेरीपर्यंत जाऊ शकत होतो. त्याची किंमत संगणकाला मोजावी लागे, जुन्या यंत्रांवर तो खेळ फार अडखळत असे. २०१४ साली चौथा खेळ आला तेव्हा तो सुरळीत चालावा म्हणून गाव तुकड्यांत विभागले गेले आणि सायकलही गेली. ती परतली नोव्हेंबर २०१९ मध्ये, विद्यापीठाच्या विस्तारासोबत, म्हणजे खेळाला नंतर जोडायच्या पुरवणी भागासोबत. माझ्या मते तिसऱ्या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच होती. काहीही न घडता घरापासून कामापर्यंत चाललेले एक माणूस नुसते पाहत राहणे. त्या खेळाच्या चाहत्यांत आजही त्या सलग गावाची आठवण निघते, ती उगाच नाही.

माणसांना किती मोकळे सोडायचे, हा या खेळातला दुसरा मोठा प्रश्न. सिम्सना स्वतःच्या मनाने वागू द्यायचे की नाही हे खेळणाऱ्याला ठरवता येते. ती मुभा काढून घेतली तर आपण सांगू तेवढेच ते करतात आणि सांगितले नाही तर उभे राहतात. समोर अन्न असताना भुकेने व्याकूळ होतात, पलंगाशेजारी जमिनीवर कोसळून झोपतात. काही जणांना हा पूर्ण ताबा आवडतो, घर चोख चालते असे त्यांचे म्हणणे असते. मी ती मुभा नेहमी पूर्ण चालू ठेवते. माझ्या मते कारभार करणाऱ्याचे काम वस्तू योग्य जागी ठेवणे, दारे रुंद ठेवणे आणि दिवे लावून देणे इथवरच आहे. त्यापुढे माणूस मध्यरात्री उठून बागेत जाऊन बसला तर त्याला बसू द्यावे. आमच्या गल्लीत एक वयस्क गृहस्थ रोज संध्याकाळी ठरलेल्या कट्ट्यावर बसत. त्यांच्या मुलाने घराच्या गच्चीवर त्यांच्यासाठी झोपाळा बांधला, पंखा लावला, तरी ते कट्ट्यावरच येत. झोपाळ्यावरून रस्त्यावरची माणसे दिसत होती, पण त्यांच्याशी बोलता येत नव्हते.

ज्या घरांशी आपण खेळत नाही त्यांचे काय होते, हाही असाच विचार करायला लावणारा भाग आहे. चौथ्या खेळात बराच काळ ती घरे नुसती म्हातारी होत असत. आपण महिन्यांनी परत गेलो तर शेजारी पांढऱ्या केसांचा झालेला, पण त्याने ना नोकरी बदललेली, ना लग्न केलेले. २०२१च्या अखेरीपासून आलेल्या सुधारणेनंतर ही घरेही आपापले जगू लागली : नोकऱ्या धरतात, सोडतात, मुले दत्तक घेतात, घर बदलून जातात. कोणत्या घराला काय करण्याची मोकळीक द्यायची हेही ठरवता येते. मी सगळ्यांना सगळी दिली. त्यानंतर गावात फेरी मारताना मला पहिल्यांदा आपल्या रविवारसारखे वाटले.

कारण सायकलवर नेमके हेच होते. दोन रविवारांमध्ये गाव माझी वाट पाहत थांबत नाही. उचगावच्या फाट्याजवळ एका घराची कौले उतरलेली असतात आणि पुढच्या खेपेला तिथे स्लॅबच्या सळ्या वर आलेल्या असतात. एका अंगणात नेहमी बांधलेली म्हैस नसते, तिच्या जागी नवी स्कूटर असते. तिथल्या मळेकरणी देवीच्या आमराईला मोहोर येतो, झडतो. कडोलीच्या बाजूला एका दारापुढे मांडव दिसतो. तो लग्नाचा आहे हे कळायला जवळ जावे लागते, आणि कधी तो लग्नाचा नसतो. यातल्या कुठल्याच घटनेला माझा हात लागलेला नसतो. मला फक्त आधीचे आणि नंतरचे दिसते, मधले त्यांचे त्यांनी जगलेले असते, आणि तरी मला त्या घरांविषयी जिव्हाळा वाटतो, काही बरे घडलेले दिसले की आनंद होतो. काहीही हातात नसताना वाटणारी ही काळजी मला खेळातल्या काळजीपेक्षा जास्त खरी वाटते.

वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीपर्यंत गेले की राज्य बदलते. १ नोव्हेंबर १९५६ पासून ही रेघ आमच्या आयुष्यात आहे आणि तिच्याविषयी आमच्या घरांत काय काय बोलले आणि सोसले गेले आहे ते इथे सांगण्याचा विषय नाही. सायकलवर मला ती कशी दिसते एवढेच सांगते. पायडल मारता मारता फलकांवरची कानडी अक्षरे मागे पडतात आणि देवनागरी येते. ऊस तोच, माती तीच, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या त्याच रस्त्याने धावतात, वैजनाथाचा डोंगर आधी समोर असतो आणि मग बाजूला येतो. कोणतेही चित्र येऊन मला थांबवत नाही. अलीकडच्या गावातली माणसे पलीकडच्या कारखान्यांत कामाला जातात, पलीकडची माणसे दवाखान्याला आणि लग्नाच्या बस्त्याला बेळगावात येतात, आणि सोयरिकी तर दोन्हीकडे आहेतच. नकाशावर दोन वेगळे तुकडे असलेली ही गावे रस्त्यावर सलग आहेत, हे ज्याला अनुभवायचे असेल त्याने त्या रस्त्याने एकदा सायकलवरून जावे. टपरीवर मराठी, कानडी आणि दोहोंची सरमिसळ असे सगळे एकाच वेळी चालू असते. सिम्सची एक स्वतःची बनवलेली बोली आहे, सिमलिश. ती जगात कुणाचीच भाषा नाही, पण सुरावरून भांडण आहे की लाडीगोडी आहे हे कळते. सीमेवर वाढलेल्या कानाला अशा ऐकण्याचा सराव असतो.

हौसेची सायकल हा शब्दप्रयोग मी करते तेव्हा मला शाळेच्या मुली दिसतात. २००६-०७ पासून बरीच वर्षे कर्नाटक सरकारने सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली दिल्या. आमच्या खेड्यांत सातवीपर्यंतची शाळा गावात असते आणि हायस्कूल दोन-चार किलोमीटरवर; त्या अंतरापायी पुष्कळ मुलींचे शिक्षण तिथेच थांबत असे. सायकल आल्यावर सकाळी रस्ताभर दोन वेण्या आणि पाठीवर दप्तर घेतलेल्या मुली जोडीजोडीने बोलत जाताना दिसू लागल्या. त्या काही हौसेने निघालेल्या नसत, पण उतार आला की पायडल सोडून हसत सुटायच्या. गरज आणि हौस यांच्या मध्ये मला तरी भिंत दिसत नाही. त्यांतल्या कित्येक सायकली आता गंजून गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या दिसतात, काहींवर त्यांच्या धाकट्या भावांनी दुधाचे कॅन लावले आहेत.

सध्या मी खेळात एक वाडा बांधते आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘फॉर रेंट’ या विस्तारामुळे एका जागेत सहापर्यंत बिऱ्हाडे ठेवता येतात आणि अंगण, वाट, जिना हे सगळ्यांचे सामाईक राहतात. सगळ्यांत मोठी, चौसष्ट बाय चौसष्ट चौकटींची जागा घेऊन मी तिच्या मधोमध आधी रस्ता आखला आणि मग दोन्ही बाजूंना घरे मांडली. एरवी घर आधी आणि उरलेल्या जागेत वाट, असे होते. दारांपुढे सोपे काढले आहेत. रस्त्याच्या कडेला कट्टा म्हणून दगडी बाक ठेवला, तो आधी वळणावर होता तेव्हा त्यावर कुणी फिरकत नव्हते. दोन दारांच्या मध्ये, दोन्हींपासून सारख्या अंतरावर आणल्यावर आजोबा आणि समोरच्या बिऱ्हाडातली एक मुलगी तिथे रोज भेटू लागली आहेत. सायकली भिंतीला टेकवून ठेवायला जागा सोडली आहे. आमचे बारा जणांचे घर आता दोन बिऱ्हाडांत, पण एकाच अंगणात बसले आहे.

दुसऱ्या बिऱ्हाडाचे स्वयंपाकघर कुठे काढायचे ते ठरत नव्हते, म्हणून परवा काकू आली तेव्हा लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून सगळा वाडा फिरवून पाहिला, माग कुठे गेला म्हणून विचारले, आणि मग परसाच्या भिंतीवर बोट ठेवले. “हितं काढ. आमचंबी हितंच होतं. आणि भिंत एवढी उंच कशाला घातलीस? वाटी कुठनं देणार?”